मॉडेलमधलं शहर, खिडकीतलं शहर

मंडळी, डिजिटल माध्यमकलेच्या पदवीबद्दल बोला, असं आम्हाला सांगितलं होतं. कुठलं कॉलेज बरं, कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही एकाच कलाकृतीविषयी बोलू. नलिनी मलानी यांची ‘युटोपिया’. ती दिवाळ्यात बसून बघावी अशी आहे.

पुरती चार मिनिटंसुद्धा नाही. शेजारी शेजारी दोन फिल्म चालतात. एक रंगीत, १९६९ची, ‘ड्रीम हाउसेस’ नावाची: घरांचं मॉडेल, त्यावर पडणारे रंग, चौकट-चौकट टिपून केलेलं अॅनिमेशन. दुसरी काळी-पांढरी, १९७६ची. एक तरुण बाई उंचावरून मुंबईकडे बघते आहे. बस, एवढंच.

रंगीत फिल्म एकटी बघितली तर छान आहे, पण नुसतीच छान. आज कुठल्याही कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात अशी छान कामं डझनाने दिसतात. तिच्यामागे चार्ल्स कोरियांसारख्या वास्तुकारांचा आशावाद आहे, आणि कोरिया काही तुम्हाला परके नाहीत. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७०मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या. इथून जवळचं बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज कोरियांचंच. म्हणजे त्या मॉडेलच्या पोटातच आपण आत्ता बसलोय म्हणा ना. मॉडेलमध्ये खाडी निळा रंग मारून दाखवतात. तिच्यात होडी कुणाची, जाळं कुणाचं, हे दाखवायची सोय त्यात नसते.

मलानींनी सात वर्षांनी त्या छान फिल्मशेजारी ती बघणारी बाई आणून उभी केली, आणि तिथे कलाकृती झाली. रंग तेच, मॉडेल तेच. पण आता ते कुणीतरी तपासतंय. आमच्या मते यातली खरी कारागिरी कॅमेऱ्याची नाही, त्या सात वर्षांची आहे. आपल्याकडे सहा महिन्यांचं सत्र संपलं की सबमिशन, मार्क, आणि फाइल हार्ड डिस्कमध्ये पुरलेली. केलेल्या कामाकडे परत जाऊन त्याला उलट प्रश्न विचारायला वेळापत्रकात जागाच नाही.

मलानी जे.जे.त चित्रकला शिकल्या, पण फिल्म आणि फोटोग्राफीचे प्रयोग त्यांनी केले ते अकबर पदमसींच्या ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’मध्ये. नेहरू फेलोशिपच्या पैशातून पदमसींनी १९६९ ते १९७२ ती चालवली. तिथे चित्रकार होते, सिनेमावाले होते, मनोविश्लेषकसुद्धा. मलानी सगळ्यांत लहान, आणि एकट्या बाई. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हे ऐकलं की काही जण लगेच म्हणतात, मग विद्यापीठ हवंच कशाला?

इथे आमचा विरोध आहे. ती खोली नेपियन सी रोडला होती. ज्यांची ओळख, ते आत गेले. दिवाळ्यातल्या कोळ्याच्या मुलीला तिथे कोण बोलावणार होतं? फॉर्म भरून, मेरिटवर, तिला त्या खोलीत शिरता यावं, विद्यापीठ असतं ते एवढ्यासाठी. १८५७ सालची जे.जे. २०२३मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. पाटी बदलली, आता फी कुणाला परवडते आणि दार किती वेळ उघडं राहतं, त्यावर तिचं मोल ठरेल.

(जाता जाता एक: कॉम्प्युटरवर मराठी वाचताना तुम्ही वर्षानुवर्षं बघितलेला ‘मंगल’ हा फॉन्ट जे.जे.त शिकलेल्या र. कृ. जोशींचा. आधी हातात बोरू, मग कॉम्प्युटर. या क्रमाला आजचे अभ्यासक्रम फार घाबरतात.)

आणि सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मलानींनी सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटाने अॅनिमेशनं केली. ‘कॅन यू हिअर मी?’मध्ये तशी ८८ आहेत. १९६९मध्ये आयपॅड त्यांना कोण शिकवणार होतं?

तेव्हा प्रवेश घेताना लॅबमधले कॉम्प्युटर मोजत बसू नका. विचारा, संध्याकाळी सहानंतर स्टुडिओ उघडा असतो का? पहाटे जेटीवरचे आवाज टिपायला रेकॉर्डर घरी नेऊ देतात का? पहिल्या वर्षाचं काम तिसऱ्या वर्षी पुन्हा हातात घेतलं तर चालतं का? मराठीत लिहिलेलं टिपण तपासणारं कुणी आहे का? उत्तरं लेखी मागा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.