हेमिंग्वेचा पेला

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी कथांची वही घेऊन घरी आला. शाळेत असताना निबंध फार चांगले लिहीत असे. आता एका पतपेढीत कारकुनी करतो. वही पुढे ठेवताना त्याच्या तोंडाला वास आला. आमच्या गावात पिणारेसुद्धा श्रावण पाळतात, म्हणून मी जरा चमकलो. त्यालाही ते कळले असावे. तो हसून म्हणाला, "सर, हेमिंग्वेनेच सांगितले आहे ना, पिऊन लिहावे आणि शुद्धीवर आल्यावर तपासावे." आणि पुरावा म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. दाढीवाल्या हेमिंग्वेच्या चित्राखाली ते वाक्य खरोखरच होते.

ते वाक्य हेमिंग्वेचे नव्हे. त्याच्या जवळ जाणारे वचन सापडते ते पीटर डी व्ह्रीस या अमेरिकन विनोदी लेखकाच्या १९६४ सालच्या 'रूबेन, रूबेन' या कादंबरीत, आणि तेही एका दारुड्या कवीच्या तोंडी. तोवर हेमिंग्वेला जाऊन तीन वर्षे झाली होती. हा माणूस प्यायचा यात शंका नाही. हवानाच्या 'फ्लोरिदिता' मद्यगृहात त्याच्यासाठी साखर वगळलेली, दुप्पट रमची दाइकिरी होत असे. शँपेनमध्ये अॅबसिंथ मिसळण्याची त्याची एक कृतीही १९३५ च्या एका पुस्तकात छापलेली आहे. फ्लोरिदितात आज त्याचा ब्राँझचा पुतळा पेयपट्टीला रेलून उभा आहे. हवानातल्याच दुसऱ्या एका गुत्त्याच्या भिंतीवर मोहितोची स्तुती त्याच्या सहीनिशी टांगलेली आहे. ती त्याच्या हातची आहे याला भरवशाचा आधार नाही. गिऱ्हाईक मात्र येते.

पण लिहिण्याच्या वेळी? तो पहाटे उठे, उभ्याने लिही आणि दिवसाला किती शब्द झाले याचा आकडा तक्त्यावर मांडून ठेवी, एखाद्या वाण्याने रोजमेळ लिहावा तसा. १९३५ साली इव्हान काश्किन या रशियन टीकाकाराला त्याने लांबलचक पत्र लिहिले. दिवसभर डोक्याने राबल्यावर मनाला दुसरीकडे नेणारे व्हिस्कीसारखे दुसरे काय आहे, असे त्यात तो विचारतो. पण दोन कामे कोऱ्या शुद्धीतच करायची, असेही बजावतो : लढणे आणि लिहिणे. विद्यार्थ्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मग त्याच्या गोष्टींतून सगळे सारखे पीत का असतात?"

प्रश्न चांगला होता, आणि उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. आम्हां मराठी वाचकांना साहित्यातली दारू ओळखीची आहे ती गडकऱ्यांमुळे. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून प्याला म्हटला की सुधाकराची धूळधाण, सिंधूचे हाल आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. तिथे दारू हेच नाटकाचे प्रमुख पात्र आहे. ती मोठ्याने बोलते. हेमिंग्वेकडे आपण त्याच कानांनी जातो आणि फसतो. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेल्या पुस्तकात तर बिअरच्या दोन बाटल्या आणि कॉफी यांपलीकडे फारसे काही नाही. समुद्रावर म्हातारा पितो ते पाणी.

त्याची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही १९२७ ची कथा घ्या. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातले एक तापलेले स्टेशन. बार्सिलोनाहून माद्रिदकडे जाणारी गाडी यायला चाळीस मिनिटे आहेत. एक अमेरिकन पुरुष आणि एक मुलगी सावलीत बसली आहेत. दोघांमध्ये एक विषय आहे, तो कथेत नाव घेऊन कुठेही येत नाही. मुलीने एक 'साधीशी' शस्त्रक्रिया करून घ्यावी असे त्याला वाटते. ती गर्भपाताची, हे आपणच ओळखायचे. बोलणे होते ते मात्र काय प्यावे याचे. बिअर येते. मग मण्यांच्या पडद्यावर रंगवलेले एक नाव मुलीला दिसते. ते काय आहे ते तिला त्याला विचारावे लागते, कारण तिला तिथली भाषा येत नाही. ते 'अनीस देल तोरो', बडीशेपेच्या जातीच्या दाण्यांचे मद्य. पाणी घालायचे का, हेही तिने त्यालाच विचारायचे. किती छोटा प्रश्न! पण परक्या मुलखात ही पोर या माणसावर किती अवलंबून आहे, हे त्या एका प्रश्नात आहे. घोट घेऊन ती म्हणते की याला ज्येष्ठमधाची चव आहे. मग म्हणते, सगळ्यालाच ती चव असते, विशेषतः जिची फार दिवस वाट पाहिली त्या गोष्टीला. तो चिडतो. नवी पेये पाहायची आणि प्यायची, एवढेच का आपले आयुष्य, अशा अर्थाचे ती विचारते तेव्हा आपल्याला कळते की यांचा संसार कधी झालाच नाही, नुसत्या हॉटेलांतल्या मुक्कामांची यादी झाली. पुन्हा बिअर येते. शेवटी तो सामान पलीकडच्या रुळांशी ठेवायला जातो आणि परतताना गुत्त्यात थांबून एकटाच एक अनीस पितो. कथेतला सर्वांत निर्दय क्षण मला हा वाटतो. मुलगी बाहेर बसली आहे आणि त्याने आपल्यापुरता निराळा पेला घेतला.

मद्य हे इथे न बोललेल्या शब्दांच्या जागी ठेवलेले आहे. १९३३ च्या 'ए क्लीन, वेल-लाइटेड प्लेस'मध्ये बहिरा म्हातारा रात्री ब्रँडी पीत बसतो. आठवड्यापूर्वी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. घाईत असलेल्या तरुण वेटरला तो नकोसा होतो. वयस्क वेटरला ठाऊक आहे की त्याला हवा आहे तो उजेड आणि स्वच्छ टेबल. 'द सन ऑल्सो राइझेस' (१९२६) मध्येही इरातीकाठच्या मासेमारीत झऱ्यात गार करायला ठेवलेली वाइन निराळी आणि शेवटी माद्रिदच्या जेवणात जेक बाटलीमागून बाटली रिचवतो ती निराळी. तिथे ब्रेट त्याला पिऊन झिंगू नकोस म्हणते, आणि त्या बाटल्यांना एकदम वजन येते.

पण पुढे हीच युक्ती त्याच्या हातून सुटली, हेही म्हटले पाहिजे. 'अक्रॉस द रिव्हर' (१९५०) मधला कर्नल व्हेनिसमध्ये पंधरास एक प्रमाणाची मार्टिनी मागवतो आणि तिला जनरल माँटगोमेरीचे नाव देतो, कारण इतके संख्याबळ असल्याशिवाय तो चालून जात नसे म्हणे. गंमत आहे, पण ती कर्नलची नाही, लेखकाची आहे. पेला आता काही लपवत नाही. तो जाणकारी मिरवतो. मरणोत्तर १९७० साली आलेल्या 'आयलंड्स इन द स्ट्रीम'मध्ये थॉमस हडसन फ्लोरिदितात बसून दाइकिरीवर दाइकिरी घेतो. मुलगा युद्धात गेल्याचे दुःख त्या थंड पेल्याखाली आहे. ते जिथे जाणवते तिथे जुना हेमिंग्वे भेटतो. परंतु मधली कित्येक पाने नुसती पीत बसतात. १९५४ च्या जानेवारीत आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांत तो जबर जखमी झाला. त्याच वर्षीचे नोबेल घ्यायलाही जाऊ शकला नाही. यकृताची तक्रार होती, डॉक्टर मद्य कमी करा म्हणत होते. २ जुलै १९६१ रोजी केचम गावच्या घरी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याआधी मनाच्या आजारावर विजेचे उपचार झाले होते, आणि पुढे आपल्याला लिहिता येत नाही ही त्याची तक्रार होती. हे सारे एकट्या दारूच्या माथी मारणारा मी नव्हे. मात्र मोबाईलवरच्या त्या चित्रात यातले काहीच नव्हते.

विद्यार्थ्याची वही मी वाचली. अकरा कथा. नऊ कथांत नायक पितो, आणि पितो तेव्हा आपले दुःख सविस्तर सांगतो. दहावीत बापाबरोबर शेतातल्या विहिरीचा गाळ काढताना आलेला अनुभव मात्र दोन पानांत, एक शब्द जास्त नाही. त्या कथेत बाप पाणी मागतो आणि मुलगा तांब्या खाली सोडतो. बस.

वही परत देताना त्या स्टेशनच्या कथेचा मी रात्री बसून केलेला कच्चा तर्जुमा आत घालून दिला. म्हटले, "यातले पेले मोज, आणि कोणता पेला कोणी मागवला ते समासात लिही." त्याने वही पिशवीत घातली. दसरा झाला, अजून आलेला नाही. पतपेढीत दिवाळीच्या ठेवींची गर्दी असेल.