ओळख आणि योगायोग : मराठी आत्मकथनांतील नोकरीचा शोध

मराठी आत्मचरित्रांत शिक्षण, विवाह, प्रवास आणि लोकसेवा यांची वर्णने विपुल आढळतात. नोकरी कशी मिळाली हा भाग मात्र बहुधा एक-दोन वाक्यांत आटोपलेला असतो. तो आटोपताना चरित्रकार ज्या शब्दाचा आश्रय घेतो तो शब्द म्हणजे 'योगायोग'. त्या सुमारास एका गृहस्थांची गाठ पडली, त्यांनी एक जागा रिकामी असल्याचे सांगितले आणि योगायोगाने काम झाले, अशा धाटणीचे निवेदन मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही झाकले गेले असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः गाठ पडलेले ते गृहस्थ कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, कोणत्या महाविद्यालयाचे होते, आणि ती गाठ इतर कोणाशी न पडता नेमकी चरित्रनायकाशीच का पडली, हे प्रश्न विचारले की योगायोगाचा बराचसा अंश विरून जातो आणि ओळखींचे एक विणलेले जाळे दृष्टीस पडते. हे जाळे आत्मकथनाच्या रूपावर कोणता परिणाम करते, याचा विचार येथे तीन भिन्न कृतींच्या आधारे केला आहे.

पहिली कृती धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५). त्यातील साताऱ्याच्या पायी प्रवासाचा प्रसंग सर्वश्रुत आहे. पब्लिक सर्व्हिस परीक्षेस बसण्यासाठी १८७५ साली कर्वे मुरुडहून सह्याद्रीचा घाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैलांची पायपीट करून साताऱ्यास पोहोचले. परंतु हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. शालेय वाचनात हा प्रसंग चिकाटीचा धडा म्हणून सांगितला जातो, आणि तो धडा खोटा नाही. तथापि त्याच प्रसंगाची दुसरी बाजू अलक्षित राहते. घाटापलीकडच्या त्या गावात ज्याच्या शब्दाला वजन असेल असे कोणीही या मुलाच्या पाठीशी उभे असल्याचे दिसत नाही. जेथे माणूस अनोळखी असतो, तेथे त्याचा चेहरा हाच त्याचा दाखला ठरतो. आणि चेहरा पाहून निर्णय देणारा अधिकारी त्या निर्णयाचा जाब कोणालाही देणे लागत नाही.

सोळा वर्षांनंतरचा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या अध्यापकाची उणीव निर्माण झाली. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडून कर्वे यांस त्या कामासाठी विचारणा झाली. दोघेही १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झालेले. नंतर गोखले पुण्यात स्थिरावले, तर कर्वे मुंबईत निरनिराळ्या शाळांतील अध्यापन आणि शिकवण्या यांवर चरितार्थ चालवीत होते. साताऱ्यास न मागताच नकार मिळावा आणि पुण्याहून न मागता निमंत्रण यावे, यांतील अंतर केवळ गुणवत्तेच्या वाढीने स्पष्ट होत नाही. मधल्या काळात कर्वे कोणाच्या तरी स्मरणात असणारे गृहस्थ झाले होते, हाच त्यांतील निर्णायक फरक होय.

या ठिकाणी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या निबंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे, ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना, त्या ओळखीच्या माणसाची भेट त्या काळात कितपत वारंवार होत असे, असे विचारण्यात आले. वारंवार भेट होत असे असे सांगणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेट होत असे म्हणणारे ५५.६ टक्के, तर क्वचितच भेट होत असे म्हणणारे २७.८ टक्के निघाले. निष्कर्ष असा की, नव्या संधीची वार्ता जिवलगांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक येते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही आधीच ठाऊक असते. कर्वे व गोखले यांचा प्रसंग या सिद्धान्तास चपखल लागू पडतो. उलट नरहरपंत जोशी या जिवलग मित्राशी असलेल्या घनिष्ठ संबंधाने कर्व्यांच्या जीवनाला दुसरे वळण दिले: नरहरपंतांच्या विधवा भगिनीशी १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह झाला. निकटच्या स्नेहातून घर उभे राहिले आणि दूरच्या ओळखीतून नोकरी आली, असे या चरित्रापुरते म्हणता येईल.

'आत्मवृत्ता'चे श्रेष्ठत्व असे की, कर्वे हे जाळे झाकत नाहीत. ज्यांचे साहाय्य झाले त्यांची नावे ते प्रांजळपणे नमूद करतात. परंतु ही नोंद उपकारस्मरणाच्या सुरात होते, आणि येथेच या वाङ्मयप्रकाराची मर्यादा जाणवते. उपकारस्मरणात साहाय्य हा त्या त्या व्यक्तीच्या चांगुलपणाचा भाग ठरतो; ते साहाय्य ज्या सामाजिक रचनेमुळे शक्य झाले ती रचना कृतज्ञतेच्या आड राहते.

ही रचना उघडी पडते ती दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात. ग्रंथाचे नावच या विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बलुतेदारीत नोकरीचा शोध ही कल्पनाच संभवत नाही. काम जन्माने ठरलेले, मोबदला रूढीने ठरलेला. महाराने मेलेली गुरे ओढावी, सांगावे पोहोचवावे, सरकारी कामासाठी तिष्ठत राहावे आणि त्याबदली बलुते मागून आणावे, अशी ती व्यवस्था होती. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ साली. तेव्हा काम शोधता येणे ही या कथनातील माणसांच्या दृष्टीने आधी एक मुक्ती आहे, आणि विवंचना त्यानंतरची. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या चरित्रांत हा क्रम आढळत नाही.

या मुक्तीचा मार्गही ओळखीतूनच जातो. गावाकडचे नातलग मुंबईत येतात, कावाखान्यासारख्या वस्तीत एकमेकांच्या आश्रयाने राहतात, कोणी गोदीत लागतो, कोणी चिंध्या वेचतो. निकटच्या नात्याचे बळ येथे अपार आहे. परंतु ते माणसाला जेथे नातलग आधीच पोहोचले आहेत तेथपर्यंतच नेऊ शकते. पलीकडच्या कचेरीत नेऊन सोडणारी दूरची ओळख या वस्तीला सहजासहजी लाभत नाही, कारण जातीने ती वाट पूर्वीच अडविलेली असते. ग्रॅनोव्हेटर यांचा सिद्धान्त अशा दुराव्याचा हिशेब पुरता करीत नाही. दूरची ओळख जोडली जाण्यासाठी दोघांना कोठेतरी एका बाकावर बसता आले पाहिजे. कर्वे आणि गोखले यांना तो बाक एल्फिन्स्टनमध्ये मिळाला.

मराठीतील 'ओळख' या शब्दाचे दोन अर्थ येथे परस्परांसमोर उभे ठाकतात. ओळख म्हणजे परिचय, आणि ओळख म्हणजे माणूस कोण आहे हे कळून येणे. कर्व्यांच्या चरित्रात पहिली ओळख वाढत जाते आणि तिने काम होते. 'बलुतं'मध्ये दुसरी ओळख उघड होण्याचे भय सतत वावरते आणि ती उघड झाली की पहिलीही तुटते. दगडू मारुती पवार हा दया पवारांपुढे आपली कहाणी सांगतो, अशी या ग्रंथाची योजना आहे. ही योजना केवळ निवेदनाची युक्ती मानली जाते. परंतु कचेरीत आणि साहित्यक्षेत्रात वावरणारे एक नाव, आणि वस्तीत राहिलेले दुसरे नाव, अशी एकाच माणसाची झालेली विभागणी तिच्यातून व्यक्त होते. येथे योगायोग हा शब्द निरुपयोगी ठरतो, कारण जे घडते त्याचे कारण प्रत्येक वेळी दिसत असते.

तिसरे उदाहरण कादंबरीचे आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) व 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात, एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहतो. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली व शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. जिल्ह्याच्या गावी नवी महाविद्यालये निघाली आणि संस्थाचालक हा नवा नियुक्तीकर्ता उदयास आला. चांगदेवाजवळ पदवी आहे, आणि पदवीने दार उघडते; पण आत टिकण्यासाठी कोणत्या तरी गटाचा, जातीचा, चालकाचा माणूस व्हावे लागते. 'बिढार' हे नावच न स्थिरावलेल्या संसाराचे आहे. कादंबरीकारास कोणाचेही उपकार स्मरावयाचे नसल्यामुळे, आत्मचरित्रकार ज्या गोष्टी सौजन्याने गाळतो त्या येथे प्राध्यापकांच्या खोलीतील गप्पांसकट येतात. या मोकळेपणाचा एक तोटाही आहे. सर्वच साहाय्य गटबाजीच्या प्रकाशात पाहिल्यामुळे निरपेक्ष साहाय्याला या जगात फारशी जागा उरत नाही.

अशा वाचनाने कर्तृत्वाचे अवमूल्यन होते, असा आक्षेप संभवतो. तो ग्राह्य नाही. कर्व्यांचे गणिताचे ज्ञान गोखल्यांनी निर्माण केले नाही. परंतु तितक्याच योग्यतेची किती माणसे कोणाच्याही स्मरणात नसल्यामुळे मागे राहिली, हे कोणतेही आत्मचरित्र सांगू शकत नाही, कारण त्या माणसांनी आत्मचरित्रे लिहिलीच नाहीत. कर्व्यांना स्वतःला हे उमगले असावे. गाव सोडून मिळवते झालेल्यांनी आपल्या मिळकतीचा अंश गावासाठी द्यावा, या हेतूने त्यांनी उभारलेला मुरुड फंड याच जाणिवेची साक्ष देतो. ओळखीतून मिळालेले कृतज्ञतेच्या शब्दांत न फेडता, ज्यांची कोणाशी ओळख नाही अशांसाठी शाळेच्या रूपाने ते परत करावे, ही त्यामागील दृष्टी होय.

मराठी आत्मकथनांचा अभ्यास करताना योगायोग हा शब्द जेथे जेथे येतो तेथे तेथे थांबून, कोणाची कोणाशी आणि कोठे ओळख होती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्या एका शब्दाखाली चरित्रनायकाच्या काळाचा पुष्कळसा सामाजिक इतिहास दडलेला असतो.