भाषेचे यंत्र आणि हास्य : ‘सॅटर्डे नाइट’च्या पहिल्या प्रयोगाचे परीक्षण

विनोदाची मराठीत जी चिकित्सा झाली ती मुख्यतः ग्रंथनिविष्ट विनोदाची होय. कोल्हटकर, गडकरी यांच्या लेखनाच्या अनुषंगाने अतिशयोक्ती, विसंगती, कोटी इत्यादींचा विचार आपल्या समीक्षेने पुष्कळ केला. परंतु जो विनोद उच्चारला जातो, पाहिला जातो आणि त्याच रात्री विरून जातो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र असा विनोद उपेक्षून चालणार नाही. भाषा कशी चालते हे ती सुरळीत चालत असताना सहसा दिसत नाही. ती अडली, घसरली वा फसली म्हणजे तिचे सांधे उघडे पडतात, आणि हास्य बहुधा या सांध्यांपाशीच उत्पन्न होते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी-मालिकेच्या पहिल्या प्रयोगाचे परीक्षण योजिले आहे.

हा प्रयोग ११ ऑक्टोबर १९७५ रोजी रात्री साडेअकरा वाजता न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील एनबीसीच्या ‘८ एच’ या कक्षातून थेट प्रक्षेपित झाला. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हे आज सर्वतोमुखी असलेले नाव मालिकेला १९७७ मध्ये मिळाले. आरंभी तिचे नाव नुसतेच ‘सॅटर्डे नाइट’ असे होते. प्रमुख पाहुणा म्हणून जॉर्ज कार्लिन हा विनोदी वक्ता होता. नव्वद मिनिटांच्या अवधीत लघुप्रहसने, खोट्या जाहिराती, विडंबनात्मक वार्तापत्र, स्वगते, बाहुल्यांचा खेळ आणि गायन असा मिश्र ऐवज सादर झाला. येथे ‘लघुप्रहसन’ हा शब्द ‘स्केच’ या अर्थी वापरला आहे. दिवाकरांच्या नाट्यछटेशी त्याचे साम्य वरवरचे आहे, कारण नाट्यछटेत बोलणारे पात्र एकच असते. तमाशातील बतावणीशी त्याचे नाते अधिक जवळचे म्हणता येईल. तेथेही दोन-तीन पात्रे, एक बेतलेला प्रसंग आणि शब्दाचा मुद्दाम केलेला विपर्यास एवढ्याच सामग्रीवर हास्य उभे राहते.

प्रयोगाचा आरंभ कोणत्याही प्रास्ताविकावाचून एका भाषापाठाने होतो. मायकेल ओडोनह्यू हा शिक्षक आणि जॉन बेलूशी हा परदेशातून आलेला विद्यार्थी. शिक्षक एकेक वाक्य म्हणतो, विद्यार्थी आपल्या जड उच्चारांत ते जसेच्या तसे म्हणतो. वाक्ये मात्र विलक्षण आहेत. त्या सर्वांत वुल्व्हरीन नावाचा, उत्तरेकडील थंड प्रदेशांत राहणारा, पाणमांजराच्या कुळातला एक क्रूर मांसाहारी प्राणी येतो. समोरच्या माणसाच्या बोटांची अग्रे या प्राण्याला खाऊ घालण्याची इच्छा, दुसरा एक प्राणी शिल्लक नसल्याने त्याऐवजी वुल्व्हरीन चालेल का अशी पृच्छा, असा हा पाठ चालतो. मध्येच शिक्षक छातीला हात लावतो, कण्हतो आणि खुर्चीतून खाली कोसळून गतप्राण होतो. विद्यार्थी क्षणभर विचारात पडतो. मग तोही तसाच कण्हतो आणि जमिनीवर कोसळतो. तोच चेव्ही चेस रंगव्यवस्थापकाच्या वेषात आत येतो, त्या दोघांकडे पाहतो आणि प्रेक्षकांकडे वळून न्यूयॉर्कहून कार्यक्रम सुरू झाल्याची घोषणा करतो.

या प्रहसनातील विनोदाचे मूळ कशात आहे? परकी उच्चारांची टवाळी हे वरवरचे उत्तर होय. तेवढेच असते तर हे प्रहसन सामान्य ठरले असते. कारण परक्याचे उच्चार ऐकून हसणे हा प्रत्येक समाजाचा जुना आणि फारसा भूषणास्पद नसलेला व्यवहार आहे. खरा आघात शिकविण्याच्या पद्धतीवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांना परभाषा शिकविण्यासाठी जे वर्ग निघाले, त्यांतून पुढे श्रवण, अनुकरण आणि पुनरावृत्ती यांवर आधारलेली एक पद्धती १९५० नंतरच्या दोन दशकांत रूढ झाली. भाषा म्हणजे सवयींचा संच, ही तिच्यामागील धारणा. चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या ग्रंथाचे परीक्षण करून या धारणेच्या तात्त्विक पायालाच हादरा दिला. परंतु वर्गांतली पुनरावृत्ती पुढेही चालूच राहिली. वुल्व्हरीनची वाक्ये पाहावी. ती व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि त्यांना अर्थही आहे. त्यांत नाही ती केवळ बोलणाऱ्याची गरज. खोलीचे भाडे, मजुरी, औषध यांविषयी बोलण्याची ज्याला निकड आहे त्याच्या तोंडी ही वाक्ये घातली जातात आणि तो ती निमूटपणे म्हणतो. बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्याची जी मीमांसा केली तिच्यात सजीवावर यांत्रिकतेचा लेप बसणे हे हास्याचे बीज मानले आहे. त्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण.

तथापि प्रहसनाचा कळस त्याहूनही सूक्ष्म आहे. शिक्षकाची वाक्ये हे संकेत होत; त्यांचा अर्थ भाषिक समाजाने ठरविलेला असतो. त्याचे कण्हणे हे मात्र लक्षण होय. धूर जसा अग्नीचा, तसे ते वेदनेचे लक्षण आहे आणि ते समजण्यास कोणतीही भाषा शिकावी लागत नाही. ज्याला केवळ अनुकरण शिकविले गेले आहे त्याला हा भेद करण्याचे साधनच उरत नाही. तो लक्षणालाही पाठ समजतो. म्हणजे या पद्धतीने विद्यार्थ्याला नवी भाषा तर दिलीच नाही. उलट माणूस म्हणून जी समज त्याच्यापाशी होती तीही काढून घेतली. हसता हसता प्रेक्षकाच्या मनाला जी किंचित भीती स्पर्शून जाते तिचे कारण हे आहे.

या सूत्राची आणखी दोन रूपे याच प्रयोगात आढळतात. अँडी कॉफमन हा नट ध्वनिमुद्रिका लावून तिच्याशेजारी निश्चल उभा राहतो. मुद्रिकेवर मुलांच्या एका व्यंगचित्रपटाचे गीत वाजत असते. तो गप्प आहे, अवघडलेला आहे. फक्त नायकाच्या तोंडची एकच ओळ आली की तो हात उंचावून आवेशाने ओठ हालवितो आणि पुन्हा स्तब्ध होतो. तेथे विद्यार्थी यंत्र झाला होता. येथे यंत्र बोलत आहे आणि मनुष्य आपल्या एका ओळीची वाट पाहत आहे. दुसरे रूप तीन पात्यांच्या वस्तऱ्याच्या खोट्या जाहिरातीचे. जिलेट कंपनीने १९७१ मध्ये दोन पात्यांचा वस्तरा बाजारात आणला होता. त्याच्या जाहिरातीची शास्त्रीय वाटणारी शब्दकळा तशीच उचलून येथे तिसरे पाते जोडले आहे, आणि ग्राहक कशावरही विश्वास ठेवील, अशा आशयाच्या कबुलीने शेवट केला आहे. पुढे १९९८ मध्ये तीन पात्यांचा वस्तरा खरोखरच विक्रीस आला. विडंबनाने जाहिरातीचे व्याकरण अचूक ओळखले होते, एवढेच यावरून म्हणावयाचे.

आता प्रयोगातील एका दुबळ्या स्थळाकडे वळले पाहिजे, कारण परीक्षणाचा खरा प्रश्न तेथेच उपस्थित होतो. न्यायालयाच्या प्रहसनात एका साक्षीदार स्त्रीला आरोपी काय म्हणाला ते सांगावयाचे आहे. ते शब्द उच्चारणे तिला अशक्य होते. म्हणून ती ते कागदावर लिहून देते आणि तो कागद पंचांमध्ये हातोहात फिरतो. एक पंच झोपलेला असतो. शेजारची स्त्री त्याला जागे करून कागद देते. तो कागद तिनेच आपल्याला लिहिला असे समजून तो खूष होतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांचा निर्देश वक्त्याबरोबर बदलतो. येस्पर्सन यांनी १९२२ मध्येच या शब्दवर्गाचे हे वैशिष्ट्य नोंदविले होते. लेखन वक्त्यापासून सुटले की सर्वनामे पोरकी होतात आणि ज्याच्या हाती कागद पडेल त्याची होतात. अध्यापनासाठी याहून सुटसुटीत उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

आणि तरीही हे प्रहसन उणे वाटते. ज्या स्त्रीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता तिला ओलांडून हास्य पुढे निघून जाते; तिची अवस्था ही केवळ कागद निर्माण होण्याची सोय ठरते. अभिनवगुप्तांनी हास्याचा विभाव अनौचित्यात पाहिला आहे. अनौचित्य हे हास्याचे कारण असते खरे, परंतु ते कोणाचे हा प्रश्न उरतोच. भाषापाठात अनौचित्य सत्ता असलेल्या पक्षाचे होते. पाठ ठरविण्याचा अधिकार शिक्षकाकडे होता आणि यंत्र त्याच्यावरच उलटले. न्यायालयात अनौचित्य झोपलेल्या पंचाचे आहे. परंतु त्याची झळ त्याला लागत नाही, तो तर सुखावतो. मोल देते ती साक्षीदार स्त्री, आणि तिच्याकडे पुन्हा पाहण्याइतकीही उसंत प्रहसनाला नाही. रचनेची अचूकता दोन्हीकडे सारखी असूनही मूल्य सारखे नाही, ते यामुळे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हा निकष नैतिक आहे, कलात्मक नाही. माझ्या मते हा भेद येथे टिकत नाही. भाषापाठाचा शेवट मनात रेंगाळतो, कारण त्यात दोन माणसे भूमीवर पडलेली दिसतात. न्यायालयाचा विनोद कळताक्षणी संपतो, कारण कळण्यापलीकडे त्यात काही उरलेले नाही. ज्या व्यक्तीमुळे प्रसंगाला वजन होते तिलाच रचनेबाहेर ठेवल्याने रचना हलकी झाली, हा दोष कलात्मकच होय.

आपल्या विभागांच्या दृष्टीने या परीक्षणाचे फलित दुहेरी आहे. विनोदाच्या भाषिक विश्लेषणात यंत्रणा दाखवून थांबण्याचा जो प्रघात आहे तो अपुरा आहे. यंत्रणेच्या तोंडी कोण दिले गेले याची नोंद विश्लेषणातच व्हावयास हवी. दुसरे असे की, अमराठी भाषकांना मराठी शिकविण्यासाठी आपण जी वाक्ये पाठात घालतो, ती विद्यार्थ्याला कधी बोलावयाची असतात काय, हे एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल. वुल्व्हरीन हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही; त्याच्या जातीची वाक्ये आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळणारच नाहीत, याची खात्री मात्र देता येत नाही.