वाचणारी की ऐकणारी?

एस्तेरचं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते थ्रिलर म्हणून. अध्याय फक्त दहा. इराणी बादशहाचा दरबार, ज्यू असल्याचं लपवून राणी झालेली अनाथ मुलगी, तिला वाढवणारा मर्दखय आणि सगळ्या ज्यूंच्या कत्तलीचा हुकूम काढणारा हामान. शेवटी डाव हामानवरच उलटतो. मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही.

पुरीमच्या सणाला हे पुस्तक चर्मपत्राच्या गुंडाळीवरून, म्हणजे मेगिल्लावरून, रात्री आणि दिवसा मोठ्यानं वाचतात. (कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल या सणाला पूर्वी 'होळीचा सण' म्हणत.) वाचनाआधी आशीर्वचनं असतात. पहिल्यात मेगिल्लाच्या 'वाचना'ची आज्ञा दिल्याबद्दल देवाचं स्तवन आहे. प्रश्न असा, की बाई स्वतः वाचत असेल तर तिनं हेच शब्द म्हणायचे का?

ठरावीक वेळेला पाळायच्या बऱ्याच आज्ञांतून ज्यू धर्मशास्त्र स्त्रियांना सूट देतं. मेगिल्लाचं तसं नाही. तालमूदमध्ये यहोशुआ बेन लेवी कारण देतात: त्या चमत्कारात स्त्रियाही होत्या. ११व्या शतकातले टीकाकार राशी तर म्हणतात, की स्त्री पुरुषांसाठीही वाचू शकते. पण 'हलाखोत गेदोलोत' ही जुनी संहिता फरक करते: पुरुषांवर वाचण्याचं बंधन, स्त्रियांवर ऐकण्याचं. १६व्या शतकात क्राकूवचे मोशे इस्सर्लिस 'शुल्हान आरूख'वरच्या टिपांमध्ये याच धर्तीचं मत नोंदवतात. स्त्री स्वतःसाठी वाचत असली तरी तिनं मेगिल्ला 'ऐकण्या'ची आज्ञा असं म्हणावं.

म्हणजे गुंडाळी तिच्या हातात, आवाज तिचा, आणि शब्द मात्र ऐकण्याचा.

लगेच हसू नका. या शास्त्रात आशीर्वचनात देवाचं नाव विनाकारण घेणं हा गंभीर दोष आहे. बंधन ऐकण्याचंच असेल, तर 'वाचन' म्हणणं चुकीचं ठरतं. इस्सर्लिस तिला गप्प बसवत नाहीत, नेमका शब्द शोधतात. दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला हा काटेकोरपणा आवडतो. पण नेमकेपणा शेवटी आधी काय गृहीत धरलंय त्यावर टिकतो. इथं गृहीत धरलेली गोष्ट आहे, बाई म्हणजे श्रोता.

हे पुस्तकाला मान्य आहे का? नवव्या अध्यायात सण पक्का करणारं पत्र लिहिलं जातं. कर्ते दोन, एस्तेर आणि मर्दखय, पण 'लिहिलं' हे हिब्रू क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी आहे. क्रियापद आधी आलं की ते पहिल्या कर्त्याप्रमाणे चालू शकतं, हे हिब्रूचं व्याकरण मला मान्य. पण पहिलं नाव कोणाचं ठेवायचं, हे व्याकरणानं ठरवलेलं नाही. तालमूदलाही हे ठाऊक आहे. तिथं एस्तेर पंडितांना निरोप धाडते, की माझी गोष्ट पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवा. थोडक्यात, या फाइलची राइट परमिशन एस्तेरकडे होती. पुढे तिच्या वारसदारांना रीड परमिशनही पूर्ण मिळाली नाही.

अशा वाङ्मयीन युक्तिवादानं धर्मशास्त्राचा निकाल लागत नाही. पण शास्त्रातही एकच मत नाही. इस्राएलमधले सेफार्दी धर्मगुरू ओवाद्या योसेफ (१९२०–२०१३) यांच्या मते स्त्रीनंही 'वाचना'चंच आशीर्वचन म्हणावं. आज अनेक ठिकाणी स्त्रिया एकत्र जमून एकमेकींसाठी मेगिल्ला वाचतात. पहिली ओळ वाचण्याआधी तिथं दोनपैकी एक शब्द निवडावाच लागतो. कोणाचं मत पाळायचं, हे त्या आणि त्यांचे धर्मगुरू ठरवतील. वाचक म्हणून मी एवढंच म्हणेन, की जे पुस्तक त्या उघडतायत, ते 'वाचन' या शब्दाच्या बाजूनं आहे.