खडबडीतपणा आणि थरथर : एका चांगल्या पुस्तकातील उणीव

पृष्ठभाग खडबडीत असला की घर्षण जास्त आणि घर्षण जास्त म्हणजे विरोध जास्त, हे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसलेले असते. ते हलवण्याचे काम अ‍ॅशर शापिरो यांच्या ‘शेप अँड फ्लो’ या छोट्या इंग्रजी पुस्तकाने फार चांगले केले आहे. शापिरो हे अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत प्राध्यापक होते. पुस्तक १९६१ सालचे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे, मात्र त्यातील एक उणीव ध्यानात ठेवून, असे आम्हांला वाटते.

पुस्तकाचे खरे बळ मांडणीत आहे. अपेक्षेच्या उलट निष्कर्ष देणारे प्रयोग लेखक आधी पुढे ठेवतो व मग कारणाकडे वळतो. ठरावीक वेगाच्या वाऱ्यात खडबडीत गोलावर गुळगुळीत गोलापेक्षा कमी विरोधबल येते, हा त्यांपैकी एक. त्याचे कारण सीमास्तरात, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थरात आहे. खडबडीतपणामुळे हा थर विक्षुब्ध होतो. बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळते, त्यामुळे तो गोलाच्या पाठीमागे अधिक दूरपर्यंत चिकटून राहतो. मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि विरोध घटतो.

इथवर सारे चोख आहे. परंतु पुस्तकाचा विषय विरोधबल, म्हणजे प्रवाहाच्या दिशेतील बल. ते मोजताना वस्तू सहसा जागेवर घट्ट धरलेली असते. कारखान्याचे धुराडे, पुलाची केबल, समुद्रातील नळ हे दंडगोल मात्र थोडेफार हलायला मोकळे असतात. त्यांच्या मागे भोवरे डावीकडून व उजवीकडून आळीपाळीने सुटतात आणि दंडगोलाला आडवे धक्के बसतात. वाऱ्यात तारा का गुणगुणतात याचा अभ्यास स्ट्राउहल यांनी १८७८ साली केला होता. धक्क्यांची वारंवारता साधारणपणे ०.२ गुणिले वेग भागिले व्यास इतकी येते. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळावरून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे २ धक्के. नळाची नैसर्गिक वारंवारता याच्या जवळपास असली की थरथर वाढते.

आता पुस्तक वाचलेला विद्यार्थी सहज म्हणेल, ‘मग दंडगोल खडबडीत करा, थरथर थांबेल!’ हे अर्धेच खरे आहे. जपानमधील १९९९ साली खुल्या झालेल्या तातारा पुलाच्या केबलवर मुद्दाम खळगे ठेवले आहेत. पावसाचे पाणी केबलवरून सलग ओघळले की वाऱ्यात तिची कंपने वाढतात, ती टाळण्यासाठी ही योजना आहे. याउलट मिशिगन विद्यापीठात मायकेल बर्निट्सास व त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडगोलाच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने सॅंडपेपरच्या पट्ट्या चिकटवून पाण्याच्या प्रवाहात प्रयोग केले. पट्टी एका जागी असता थरथर दबली. दुसऱ्या जागी असता दंडगोल मोठे हेलकावे घेऊ लागला. अशा हेलकाव्यांतून वीज मिळवण्याचा त्यांचा उद्योग आहे.

सॅंडपेपर तोच, परिणाम उलटा. याचे कारण असे की, दंडगोल बाजूला सरकू लागला की त्याच्या दृष्टीने प्रवाहाची दिशा बदलते. मग दोन बाजूंच्या पट्ट्यांचा प्रवाहावरील परिणाम सारखा राहत नाही व एक आडवे बल निर्माण होते. ते गतीच्या विरुद्ध असेल तर हालचाल दबते. गतीच्या दिशेने असेल, तर झोक्याला मागून ढकलल्यासारखी ती वाढत जाते.

म्हणून ‘खडबडीतपणा कंपने कमी करतो’ हे वाक्य फळ्यावर लिहिणे म्हणजे एक चुकीचे समीकरण पुसून तितकेच चुकीचे दुसरे लिहिणे होय. तो कुठे आहे, किती आहे आणि प्रवाहाचा वेग काय, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

परातीतील पाण्यावर खडूची पूड भुरभुरवून त्यातून उभी पेन्सिल ओढली, तर आळीपाळीचे भोवरे वर्गातही दाखवता येतील. खडबडीतपणाचा परिणाम मात्र इतक्या कमी वेगाला दिसणार नाही, हेही शिक्षकांनी त्याच वेळी सांगावे. शापिरो यांचे पुस्तक त्यानंतर मुलांच्या हाती द्यावे आणि वाचून झाल्यावर विचारावे : त्यातील वस्तू हलायला मोकळ्या असत्या, तर काय झाले असते?