डाय कुणाची?

मंडळी, सुरुवात आमच्याच एका फसलेल्या बैठकीपासून करतो. भोसरीत एक प्रेस-शॉप आहे, चाकणच्या गाडी-कंपन्यांना सुटे भाग पुरवणारं. मालकांनी सरळ विचारलं, "सॉफ्टवेअर फुकट म्हणता, मग ते बनवणाऱ्यांचं पोट कशावर चालतं?" आमच्यापैकी एकाने लगेच रेड हॅटचा दाखला दिला. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली वगैरे. मालकांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विषय तिथेच संपला.

चूक आमचीच होती. ओपन सोर्सची वकिली करताना आपण 'फुकट'ने सुरुवात करतो आणि 'समुदाया'वर येऊन थांबतो. कारखानदाराला दोन्ही शब्द खटकतात. फुकट म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही, आणि समुदाय म्हणजे बारभाईंचा कारभार. (खरं तर १७७४ मधल्या मूळ बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारून पेशव्यांची गादी सांभाळली होती, शब्द उगीच बदनाम झाला. पण हे पर्चेस मॅनेजरला सांगून काय उपयोग!)

त्यांची भीती खोटी नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. आता रात्री दहाला गाडी गेटवर भरून उभी आहे आणि इनव्हॉइस निघत नाही, तर फोन कुणाला करायचा? समुदाय फोन उचलत नाही. हे आपण कबूल केलं पाहिजे. फोन उचलणारा माणूस पगारीच असतो.

आणि पोटाचं उत्तर तिथेच आहे. मुंबईच्या फ्राप्पेचं 'ईआरपीनेक्स्ट' घ्या. रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून ते उभं केलं. कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. कमाई होते ती होस्टिंग आणि सपोर्टमधून. त्याच कोडवर दुसऱ्या कंपन्याही सेवा विकतात. जीएसटीचा भाग 'इंडिया कम्प्लायन्स' या वेगळ्या अ‍ॅपमध्ये आहे, तोही खुलाच. म्हणजे विकली जाते ती सेवा.

दुसऱ्या बैठकीत आम्ही रेड हॅटचं नावही काढलं नाही. विचारलं, "तुमच्या प्रेसवर लागलेली ती डाय कुणाची?" ते म्हणाले, "कस्टमरची." मग? उद्या तुमचं काम बिघडलं तर? "तो डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेईल." बस्स. सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड म्हणजे ती डाय, आणि या सौद्यात कस्टमर तुम्ही आहात. सेवा देणारा नीट वागला नाही तर डाय उचला.

इथे आमच्या जातभाईंवरही टीका करायला हवी. बरेच जण ग्राहकासाठी मूळ कोडमध्येच वाटेल तशी ठोकपीट करतात, कुठे नोंद ठेवत नाहीत. मग नवी आवृत्ती आली की काहीच चालत नाही, आणि दुसरा कुणी हात लावायला तयार होत नाही. डाय नावाला तुमची, पण ती एकाच प्रेसवर बसते! बंद सॉफ्टवेअरवाले निदान आधी सांगून अडकवतात.

मालकांनी हे बरोबर हेरलं. पीओमध्ये त्यांनी स्वतःच दोन ओळी घातल्या: केलेले सगळे बदल वेगळ्या अ‍ॅपमध्ये, त्याच्या सोर्स कोडसह आमच्या ताब्यात, आणि रोजचा बॅकअप आमच्या मशीनवर. तिसरी ओळ रात्रीच्या फोनची होती. तिच्या दरावर आमची अजून घासाघीस चालू आहे.