थोरोचा शिवायला टाकलेला जोडा

फराळाच्या ताटाशेजारी तुरुंगाची कहाणी वाढणे औचित्याला धरून नाही, हे मला कळते. पण दिवाळीच्या निवांत दिवसांत एखादे जुने लेखन पुन्हा काढून वाचायची माझी खोड आहे. यंदा हाती आला तो अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याचा १८४९ सालचा कायदेभंगावरील निबंध. गांधीजींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा परिचय करून दिला. तेव्हापासून आपण तो पूजत आलो; वाचायचे मात्र राहून गेले.

हकीकत साधी आहे. १८४६ च्या जुलैत कॉन्कॉर्ड गावचा हा गृहस्थ दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला निघाला आणि पकडला गेला. सहा वर्षे त्याने डोईपट्टी भरली नव्हती. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या सरकारला पैसा द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. एक रात्र कोठडीत गेली. कोणीतरी परस्पर कर भरला आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला.

निबंधाचा बराच भाग व्याख्यानी थाटाचा आहे, आणि मुळात ते व्याख्यानच होते. पण कोठडीचे दार लागते आणि लेखक जागा होतो. गावच्या घड्याळाचे ठोके जणू पहिल्यांदाच कानी पडतात. सकाळी न्याहारीतला उरलेला पाव तो भाबडेपणाने परत करू लागतो, तर सोबतचा कैदी म्हणतो, ठेव, पुढच्या जेवणाला होईल. त्या एका तुकड्याने नवखा कैदी डोळ्यांपुढे उभा राहतो.

आक्षेप घ्यायला जागा आहे. करबंदी लढाईच्या आधीची. शिवाय पट्टी मॅसॅच्युसेट्स राज्याची आणि लढाई संघसरकारची. मग हा युद्धविरोध कसला? थोरोचे उत्तर असे की, आपला डॉलर कुठे जातो याचा माग काढण्यात त्याला रस नाही. त्याला सरकारवरची निष्ठाच काढून घ्यायची आहे. मात्र रस्त्याचा कर तो शेजारधर्म म्हणून बिनतक्रार भरतो. या एका कबुलीने त्याचा नकार कंजुषीपासून वाचला आहे.

खरे उणे निराळेच आहे. त्याचे व्रत दुसऱ्याने पैसे टाकून मोडले. कादंबरीकाराने नायकाला निदान महिनाभर तरी आत ठेवले असते! थोरो ते लपवत नाही. सुटल्यावर जोडा घेतो आणि मंडळींबरोबर रानात हकलबेरी वेचायला जातो, हेही सांगून टाकतो. या प्रांजळपणामुळेच त्याचे म्हणणे मला खरे वाटते.

मी पडलो मास्तर. माझा प्राप्तिकर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. नकार द्यायला आधी कोणी मागावे तर लागते! त्याच तिजोरीतून वर्गातला फळा येतो आणि तोफही येते. माझे दोन जुने विद्यार्थी सैन्यात आहेत; दिवाळीला रजा मिळाली की पाया पडायला येतात. त्यांच्यादेखत हा निबंध मोठ्याने वाचायला माझी जीभ रेटत नाही, आणि मिटून कपाटात ठेवूनही देववत नाही.